प्रमिला दंडवते : स्वतःच्या नावाची उमेदवारी

महापालिकेची निवडणूक भरात आली की मीरा रोडच्या पूनम सागर संकुलात सायंकाळी जे दृश्य दिसते, ते महाराष्ट्रातील कोणत्याही वाढत्या शहराला एव्हाना परिचित झाले आहे. प्रचाराची मुदत संपत आलेली असते. ध्वनिक्षेपक लावलेल्या रिक्षा इमारतींमधल्या रस्त्यांवरून फिरत असतात. प्रभाग महिलांसाठी राखीव झालेला असेल, तर पुष्कळदा एखादे माजी नगरसेवक हात जोडून पुढे चालतात आणि जिचे नाव मतदानयंत्रावर असावयाचे ती त्यांची पत्नी दोन पावले मागे असते. सोसायटीच्या फाटकाशी बोलतात ते पती. पाणी, गटारे, पदपथ आणि वाहनतळ यांविषयीची आश्वासने देतात तेही पतीच. पत्रकावर दोघांची छायाचित्रे असतात, आणि त्यांतील मोठे कोणाचे हे पाहिले की उमेदवार कोण, याविषयी मतदाराच्या मनात फारसा संशय उरत नाही.

पतीने पत्नीचा प्रचार करावा यात मुळीच काही वावगे नाही. सहजीवनाचा तो एक स्वाभाविक भाग आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन हे २०१६ च्या नोव्हेंबरात, मतदानाच्या आदल्या रात्री, फिलाडेल्फियातील सभेत पत्नी हिलरी यांच्यासाठी उभे होते. आठ वर्षे देशाची सूत्रे सांभाळलेल्या पुरुषाने पत्नीसाठी मते मागावीत यात कोणालाही कमीपणा वाटला नाही. आपल्याकडेही १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आचार्य कृपलानी आणि सुचेता कृपलानी हे दोघेही किसान मजदूर प्रजा पक्षाचे उमेदवार होते. काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविलेले आचार्य पराभूत झाले आणि सुचेताबाई नवी दिल्लीतून निवडून आल्या. प्रचार कोणी कोणाचा केला, हा प्रश्न म्हणूनच गौण ठरतो. ज्या व्यक्तीसाठी मत मागितले जाते, तिचे स्वतःचे काही काम त्या मागणीच्या पाठीशी आहे काय, हाच खरा प्रश्न होय. या प्रश्नाचे उत्तर शोधताना महाराष्ट्राला फार दूर जावे लागत नाही. प्रमिला दंडवते यांचे जीवन त्यासाठी डोळ्यांसमोर आणले तरी पुरे आहे.

प्रमिलाताईंचा जन्म २७ ऑगस्ट १९२८ रोजी झाला. माहेरचे आडनाव करंडे. बेचाळीसचे आंदोलन पेटले तेव्हा त्या चौदाव्या वर्षात होत्या. त्या काळात मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय घरांतल्या असंख्य मुलामुलींना राष्ट्र सेवा दलाने घराबाहेर आणले. शाखेवरची कवायत, समूहगीते, श्रमदान आणि जातपात न मानण्याची शिकवण यांतून एक पिढी घडली. तिच्यापैकी बरेच जण पुढे समाजवादी पक्षांत गेले. प्रमिलाताईंची वाट तीच होती. मुलगा आणि मुलगी खांद्याला खांदा लावून सार्वजनिक काम करू शकतात, हे या पिढीला कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. शाखेच्या मैदानावर ते रोजच घडत होते.

त्यांचे पती मधु दंडवते हे मूळचे अहमदनगरचे. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवीत. गोवामुक्तीच्या सत्याग्रहात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी भाग घेतला होता. प्रजासमाजवादी पक्षात पतिपत्नी दोघेही काम करीत, आणि त्या पक्षाजवळ कार्यकर्त्याला देण्यासारखे फारसे काही नव्हते. सत्ता दूर होती, पैसा त्याहून दूर होता. अशा पक्षात स्त्री केवळ नेत्याची पत्नी म्हणून राहू शकत नसे, कारण सभेच्या सतरंज्या टाकण्यापासून मोर्चाची पत्रके वाटण्यापर्यंतचे काम कोणाला तरी करावेच लागे. या कामातूनच १९६८ साली त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या आणि १९७३ पर्यंत नगरसेविका राहिल्या. स्त्रियांसाठी राखीव प्रभाग ही कल्पना तेव्हा कायद्यात नव्हती. सोडतीत चिठ्ठी निघाली म्हणून घरातील स्त्रीला उभे करण्याचा प्रश्नही उद्भवत नव्हता. ज्या स्त्रीला पालिकेत जावयाचे असेल तिला पुरुष उमेदवारांना हरवूनच जावे लागे.

याच काळात, १९७२ साली, मुंबईच्या रस्त्यांवर हातात लाटणे आणि थाळी घेतलेल्या हजारो स्त्रिया उतरल्या. दुष्काळाने महाराष्ट्र होरपळत होता. गोडे तेल, साखर, रॉकेल यांचे भाव चढत होते आणि शिधावाटप दुकानांपुढच्या रांगा लांबत होत्या. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली समाजवादी मृणाल गोरे, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी आणि प्रमिला दंडवते एकत्र आल्या. त्यांच्या पक्षांचे एकमेकांशी पटत नव्हते, पण चूल सगळ्यांची सारखीच होती. चाळीतल्या ज्या गृहिणीने आयुष्यात कधी सभा पाहिली नव्हती, ती या मोर्चांत आली. स्वयंपाकघरातील अडचण ही राज्यकारभाराची बाब आहे, आणि तिच्याविषयी जाब विचारण्यासाठी नवऱ्याची मध्यस्थी लागत नाही, हे त्या आंदोलनाने मुंबईच्या स्त्रीला शिकविले. प्रमिलाताईंच्या राजकारणाचे मूळ भांडवल ते हेच.

दरम्यान घरात एक महत्त्वाचा बदल घडला होता. बॅरिस्टर नाथ पै यांचे जानेवारी १९७१ मध्ये निधन झाले, आणि त्यांनी तीन वेळा जिंकलेला राजापूर मतदारसंघ त्याच वर्षीच्या निवडणुकीत मधु दंडवते यांच्याकडे आला. पुढे १९८९ पर्यंत सलग पाच निवडणुकांत कोकणाने त्यांना दिल्लीला पाठविले. पती लोकसभेत आणि पत्नी मुंबईच्या महापालिकेत व रस्त्यावर, असा त्या संसाराचा क्रम बसला. एकाचे काम दुसऱ्याच्या कामाची सावली नव्हते.

या नात्याची खरी कसोटी १९७५ च्या जूनमध्ये लागली. आणीबाणी जाहीर झाली तेव्हा मधु दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला होते. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्याबरोबर त्यांना तेथेच अटक झाली व बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात ठेवण्यात आले. प्रमिलाताईंनाही स्थानबद्ध करण्यात आले. त्यांची रवानगी पुण्याच्या येरवडा कारागृहात झाली. पती एका राज्यात, पत्नी दुसऱ्या राज्यात, मध्ये आठशे किलोमीटरांहून अधिक अंतर आणि सुटकेची तारीख कोणालाच ठाऊक नाही, अशी ती स्थिती होती. दोन तुरुंगांमध्ये पत्रांची ये-जा चालू राहिली. ही पत्रे तुरुंगाधिकाऱ्यांच्या नजरेखालून जात. त्यामुळे राजकारणावर मोकळेपणाने लिहिण्याची सोय नव्हती. तरीही ग्रंथ, संगीत, आठवणी, एकमेकांची प्रकृती आणि धीर यांविषयी दोघांनी एकमेकांना लिहिले. क्षमापत्र लिहून सुटका करून घेण्याचा मार्ग अनेकांना दिसत होता. या दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला तो सुचविला नाही. पतीसाठी पत्नी तुरुंगात गेली, असे म्हणणे प्रमिलाताईंवर अन्याय करणारे होईल. त्या स्वतःच्या राजकारणासाठी तुरुंगात गेल्या होत्या.

मार्च १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या संपानंतर बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी कामावर परत घेतले. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर गाद्या बसविण्याचा निर्णय त्यांचाच. दूरच्या गावी जाणाऱ्या सामान्य प्रवाशाच्या पाठीला त्याचा गुण आजतागायत मिळत आहे. मुंबईतून त्या वर्षी मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर लोकसभेवर गेल्या. लाटणे हाती घेतलेल्या स्त्रियांचा तोही एक विजय होता. प्रमिलाताईंच्या वाट्याला मात्र त्या वेळी मंत्र्याची पत्नी ही ओळख आली. राजधानीत या ओळखीला फार मान असतो. उद्घाटने, पारितोषिक वितरण आणि दूतावासांतील समारंभ यांत पाच वर्षे सहज निघून जातात. प्रमिलाताईंनी वेगळे काम निवडले. दिल्लीत स्थापन झालेल्या महिला दक्षता समितीच्या त्या संस्थापकांपैकी होत. त्या काळी राजधानीत आणि उत्तरेतील शहरांत नवविवाहिता स्वयंपाकघरात भाजून मरत, आणि स्टोव्हचा भडका अशी नोंद होऊन प्रकरण मिटत असे. या मृत्यूंच्या मागे हुंडा आहे हे उघडपणे सांगणे, मुलीच्या आईवडिलांना पोलीस ठाण्यापर्यंत नेणे, वर्तमानपत्रांना त्याची दखल घ्यावयास लावणे, हे काम समितीने हाती घेतले. पतीच्या मंत्रिपदाचा उपयोग त्यांना दारे उघडण्यापुरता झाला असेल. आत जाऊन बोलावयाचे ते त्या स्वतःच बोलत होत्या.

जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई यांचे सरकार कोसळले आणि जानेवारी १९८० मध्ये मध्यावधी निवडणूक झाली. मधु दंडवते आता माजी मंत्री होते. जनता पक्षाची शकले झाली होती, कार्यकर्ते खचले होते आणि इंदिरा गांधींचे पुनरागमन भिंतीवर लिहिल्यासारखे स्पष्ट दिसत होते. अशा वेळी प्रमिला दंडवते मुंबई उत्तर मध्य मतदारसंघातून जनता पक्षाच्या उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या. पडत्या पक्षाची उमेदवारी ही काही कोणी पत्नीला नजराणा म्हणून देत नाही. शिवाय माजी रेल्वेमंत्री असलेले त्यांचे पती स्वतः शेकडो किलोमीटर दूर राजापुरात उमेदवार होते. स्वतःचा मतदारसंघ राखण्याची चिंता ज्याला आहे, तो पत्नीच्या पुढे दोन पावले चालू शकत नाही. दादरचा मराठी मध्यमवर्ग आणि आसपासच्या कामगारवस्त्या यांच्यापुढे प्रमिलाताईंना आपल्या पायांवर उभे राहावे लागले.

निकाल लागला तेव्हा देशात इंदिरा काँग्रेसला ३५३ जागा मिळाल्या होत्या आणि जनता पक्ष ३१ वर घसरला होता. महाराष्ट्रात ४८ पैकी ३९ जागा इंदिरा काँग्रेसकडे गेल्या. जनता पक्षाच्या वाट्याला राज्यात अवघ्या आठ आल्या, आणि त्या आठही ठाण्यापासून सावंतवाडीपर्यंतच्या पट्टीतील होत्या. मुंबईतील सहापैकी पाच, ठाण्यात रामचंद्र म्हाळगी, रत्नागिरीत बापूसाहेब परुळेकर आणि राजापुरात मधु दंडवते. मुंबईच्या त्या पाचांत प्रमिला दंडवते होत्या. पतिपत्नी दोघेही सातव्या लोकसभेत गेले. दोघे दोन वेगळ्या मतदारसंघांतून, एका प्रचंड लाटेच्या विरुद्ध दिशेने पोहत आले होते. दंडवते या आडनावाची पुण्याई प्रमिलाताईंच्या कामी आलीच नसेल, असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. रेल्वेमंत्र्याच्या स्वच्छ कारभाराची आठवण मतदारांच्या मनात ताजी होती. परंतु त्याच मतदारांना नगरसेविका प्रमिलाताई आठवत होत्या, लाटणे मोर्चातील प्रमिलाताई आठवत होत्या आणि येरवड्याच्या प्रमिलाताईही आठवत होत्या. आडनाव सामायिक होते. त्यामागचे काम त्यांनी स्वतः उभे केलेले होते.

निवडून आल्यावर त्यांनी काय केले, हे पाहिल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. पाचशेहून अधिक सदस्यांच्या त्या लोकसभेत निवडून आलेल्या स्त्रिया २८ होत्या. प्रमिलाताईंनी १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी खाजगी विधेयक मांडले. मूळ कायदा कागदावर कडक आणि व्यवहारात दुबळा होता. विवाहाच्या मोबदल्यात दिलेली वस्तू म्हणजे हुंडा, अशी त्याची व्याख्या असल्याने प्रेमाने दिलेली भेट म्हटले की सासरची मंडळी सुटत. गुन्हा दखलपात्र नसल्याने पोलीस स्वतःहून हात घालू शकत नसत. विरोधी बाकांवरील सदस्याचे खाजगी विधेयक क्वचितच संमत होते, हे त्यांना ठाऊक होतेच. परंतु त्यामुळे विषय सभागृहाच्या पटावर आला. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने जुना कायदा तपासला, आणि १९८४ व १९८६ साली त्यात दुरुस्त्या झाल्या. पत्नीला क्रूरपणे वागविणे हा दंडसंहितेतील स्वतंत्र गुन्हा ठरला तो १९८३ मध्ये. या यशाचे श्रेय देशभरच्या स्त्रीसंघटनांचे आहे. त्या संघटनांचा आवाज ज्यांनी संसदेत पोहोचविला, त्यांत प्रमिला दंडवते यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत मुंबई उत्तर मध्यची जागा काँग्रेसचे शरद दिघे यांच्याकडे गेली. राजापूर मात्र मधु दंडवते यांनी राखले. त्यानंतर प्रमिलाताई पुन्हा लोकसभेत गेल्या नाहीत. १९८९ च्या अखेरीस पती देशाचे अर्थमंत्री झाले, तेव्हाही पत्नीसाठी एखादी सुरक्षित खुर्ची शोधण्याचा प्रकार त्या घरात घडला नाही. पद नसतानाही त्यांचे काम अखंड चालू राहिले. नव्वदच्या दशकात लोकसभा व विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाव्यात, यासाठी जे आंदोलन उभे राहिले त्यात त्या अखेरपर्यंत होत्या. १९९६ मध्ये संसदेत आलेले ते विधेयक वारंवार मांडले गेले आणि वारंवार लोंबकळत राहिले. ३१ डिसेंबर २००१ रोजी प्रमिलाताईंचे निधन झाले, तेव्हाही ते संमत झालेले नव्हते. मधु दंडवते त्यांच्यामागे जवळजवळ चार वर्षे जगले. १२ नोव्हेंबर २००५ रोजी तेही गेले.

प्रमिलाताई गेल्या त्यानंतर दोनच महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २००२ रोजी, मीरा-भाईंदर नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. दादर-परळच्या चाळी सोडून स्वस्त घराच्या शोधात दहिसरच्या खाडीपलीकडे गेलेली अनेक मराठी कुटुंबे या नव्या शहरात स्थिरावली होती. त्यांतील कित्येकांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी १९८० साली दादरमध्ये किंवा राजापुरात दंडवते या नावापुढे शिक्का उमटविला असेल. नव्या महापालिकेत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव होत्या. १९९३ मध्ये अमलात आलेल्या घटनादुरुस्तीने ती तरतूद सर्वत्र लागू केली होती. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. लोकसभा आणि विधानसभांसाठीची घटनादुरुस्तीही अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये संमत झाली, मात्र तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर अवलंबून ठेवण्यात आली. ज्या हक्कासाठी प्रमिलाताईंची पिढी झिजली, त्याचा मोठा भाग कायद्याने पदरात पडला आहे.

तो हातात किती उरतो, हे मात्र कायदा ठरवीत नाही. प्रभाग राखीव झाला म्हणून माजी नगरसेवकाने पत्नीला उभे करावे, प्रचारात तिच्या वतीने बोलावे, निवडून आल्यावर तिच्या वतीने अधिकाऱ्यांना दूरध्वनी करावेत आणि पाच वर्षांनी चिठ्ठी आपल्या बाजूने निघाली की जागा परत घ्यावी, हा व्यवहार आरक्षणाच्या नावाखाली आरक्षणालाच रिकामे करणारा आहे. याची दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. नवऱ्याच्या आग्रहाने उभ्या राहिलेल्या कित्येक स्त्रिया एकदा सभागृहात बसल्यावर शिकल्या. अंदाजपत्रक वाचू लागल्या. प्रभागातील पाण्याच्या वेळा आणि नाल्यांची कंत्राटे यांविषयी त्या पतीपेक्षा अधिक बारकाईने बोलू लागल्या. त्यांना हिणविणे चुकीचे होईल. आरंभ कोणाच्या बोटाला धरून झाला याला फार महत्त्व नाही. ते बोट कधी सुटते, याला आहे.

म्हणून पूनम सागरच्या रस्त्यावर प्रचाराच्या अखेरच्या संध्याकाळी हात जोडून येणाऱ्या माजी नगरसेवकांना मतदारांनी आदराने ऐकून घ्यावे आणि मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या उमेदवाराकडे वळावे. या वस्तीला पाणी किती येते, महापालिकेची शाळा कोठे आहे, पावसाळ्यात कोणता रस्ता तुंबतो, हे तिला विचारावे, आणि उत्तर तिनेच द्यावे असा आग्रह धरावा. ती अडखळली तरी चालेल. प्रमिला दंडवतेही कोणे एके काळी पहिल्यांदाच सभेत उभ्या राहिल्या असतील. ज्या पतीला पत्नीचे खरोखर भले करावयाचे आहे, त्याने त्या क्षणी मध्ये न बोलता थांबावे. निवडणुकीनंतर प्रभागातील एखादी गृहिणी रिकामी कळशी घेऊन दारात येईल, तेव्हाही दार उघडून उत्तर देणारी व्यक्ती तीच असावी, जिच्या नावापुढे मतदारांनी बटण दाबले होते.